दसऱ्याच्या ताटातले आठ बुश

माझे पती मंगळवारी गेले. सकाळी सात वाजता ते डबा घेऊन शेडवर गेले, साडेदहाला हातात पाना घेऊन स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. अकरा वाजता त्यांच्या जोडीदाराचा फोन आला. मी तेव्हा डाळ निवडत होते.

यानंतरच्या सात-आठ आठवड्यांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळलं, कारण त्यात दुःखापेक्षा उत्साह जास्त आहे आणि तो लिहिताना संकोच वाटतो. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईची छाती आनंदाने धडधडू शकते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हातातलं पुस्तक मिटून त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतं. पण घडलं ते तसंच घडलं.

आम्ही खोपोलीत शिळफाट्याजवळ राहतो. मी इथल्या एका शाळेत तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं. ते विमानाच्या इंजिनांचे कारागीर होते. खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी खाजगी धावपट्टी आहे. तिथे विमान उडवायला शिकवणारा एक क्लब आहे आणि त्याला लागून पत्र्याची एक शेड. त्या शेडमध्ये ते आणि त्यांचा जोडीदार, दोघं मिळून इंजिनं उघडायचे आणि बंद करायचे. इंजिनं लहान, चार सिलिंडरची, दोन माणसांना वर नेऊन खाली आणणारी. जोडीदार त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. खोपोलीतल्याच एका कोकणी मुसलमान घरातला, त्याच्या भावांचं कापडाचं दुकान आहे. तो यांना उस्ताद म्हणायचा आणि मला भाभी म्हणतो.

यांच्या कामातला माझा वाटा वाचण्याचा होता. जगात कुठेतरी अशा एखाद्या इंजिनातला भाग तुटतो, चौकशी होते, आणि मग त्या जातीच्या प्रत्येक इंजिनासाठी सरकारी सूचना निघते: अमुक भाग तपासा, सदोष असेल तर बदला, इतक्या तासांच्या आत बदला, तोवर उडू नका. त्यात सवलत नसते. हे त्याला ‘हुकूम’ म्हणायचे. हुकूम इंग्रजीत येतो, आणि ज्या इंग्रजीत येतो ती कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. यांचं शिक्षण आयटीआयपर्यंत. हातांना सगळं कळायचं, पण अटीत अट अडकवलेली वाक्यं त्यांना छळायची. म्हणून हुकूम आला की ते तो घरी आणायचे. संध्याकाळचा चहा झाला की गॅलरीत डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, “वाच.”

मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. कळलं की ते म्हणायचे, “झालं.” नाही कळलं तर, “थांब.” त्यांचं ‘झालं’ आल्याशिवाय पुढचं वाक्य वाचायचं नाही, हा नियम. शेडमध्येही हीच पद्धत होती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं. वाचणाऱ्याने हात लावायचा नाही, आणि हात लावणाऱ्याने आठवणीवर करायचं नाही. शेडमध्ये वाचायचं काम जोडीदाराचं होतं. घरी माझं.

“तुझ्या ग्रंथालयातली पुस्तकं चुकली तर काय होतं?” एकदा त्यांनी विचारलं.

“काही नाही. शुद्धिपत्र जोडतात.”

“मग हेही शुद्धिपत्रच. फक्त हे न वाचता उडलं तर माणूस पडतो.”

अशा शेकडो संध्याकाळी गेल्या असतील. इंजिनातला जवळजवळ प्रत्येक भाग मला नावाने, दोषाने आणि उपायाने माहीत होता. उघडलेलं इंजिन मात्र मी एकदाही जवळून पाहिलं नव्हतं.

शेडवर मी वर्षातून एकदाच जायची, दसऱ्याला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, तशी शेडमध्ये पान्यांची, मापांची आणि विमानाची व्हायची. मागच्या दसऱ्याला हे दोघं झेंडूची फुलं आणि पेढे आणायला कर्जतला गेले होते. मांडामांड माझ्याकडे होती. माहेरून मिळालेलं पितळी ताट मी घरून नेलं होतं. त्याच्या काठावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. कपाटात नव्या बुशांची दोन पाकिटं होती. बुश म्हणजे काशाची छोटी कडी. पिस्टन ज्या दांड्याला धरून वरखाली होतो, त्या कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यात हे कडं दाबून बसवतात. एका इंजिनाला चार लागतात. म्हणजे दोन इंजिनांचे आठ बुश होते, चार जुन्या मालातले आणि चार नव्या. मालाचा नंबर पाकिटावर असतो, बुशावर नसतो.

प्लॅस्टिकच्या पाकिटांची पूजा करायची मला लाज वाटली. मी बुश बाहेर काढले. ताटाच्या मधोमध निरांजन ठेवलं आणि भोवती आठ बुश गोलात मांडले, डावीकडे जुन्या पाकिटातले, उजवीकडे नव्या. सोन्याच्या बांगड्यांसारखे चमकत होते. मी फोनवर फोटो काढला. ते दोघं आले, पूजा झाली, ताट उचलून मी विमानाच्या इंजिनाला ओवाळलं आणि परत टेबलावर ठेवलं. पुन्हा एक फोटो काढला.

यांचं लक्ष ताटाकडे तेव्हा गेलं. हसू मावळलं. “अगं, पाकिटातून काढलेस?”

“डावीकडचे चार जुन्या पाकिटातले, उजवीकडचे नव्या. मी मुद्दाम तसेच मांडलेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तू म्हणतेस म्हणजे बरोबर.” आणि मी सांगितलं तसे चार इकडे, चार तिकडे त्यांनी भरून ठेवले.

दिवाळीनंतर क्लबच्या विमानाचं इंजिन त्यांनी उघडलं आणि जुन्या पाकिटातले चार बुश बसवले. वहीत मालाचा नंबर लिहिला, खाली सही केली. त्या संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, “आज एक बुश फारच सहज बसला. बाकीच्या तिघांनी घाम काढला.” मी वाचत होते. “मापात होता ना?” मी विचारलं. “मापात होता.” “मग झालं,” मी म्हटलं. माझं ते ‘झालं’ मला नंतर फार आठवलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी, जोडीदार घरी आला. हातात छापलेले कागद आणि चेहऱ्यावर मला आनंदाची बातमी देता येईल अशी आशा.

“भाभी, नवा हुकूम आलाय. बुशचा. पण खुशखबर हाय, आपल्याला लागू नाय. खराब माल तो नव्या पाकिटातला. उस्तादने जुन्यातले टाकलेत. वही बघून आलो. एकदम साफ.”

“ठेवून जा. वाचते.”

“वाचायला काय, लागूच नाय तर?”

“तरी वाचते.”

तो गेल्यावर मी चहा केला आणि गॅलरीत बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोष असा होता की त्या मालातले बुश बाहेरून मापाच्या अगदी खालच्या काठावर उतरले होते. आजवर ज्या मापाला चालतं म्हणत, ते आता चालणार नव्हतं. असा बुश सहज बसतो, आणि जसा सहज बसतो तसाच इंजिन चालता चालता हळूहळू सरकत बाहेर येतो. मग रॉड तुटतो आणि इंजिन हवेतच बंद पडतं.

सहज बसतो. मी तिथे थांबले. ‘झालं’ म्हणायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या वाक्यापाशी त्यांनी ‘थांब’च म्हटलं असतं.

फोन काढून दसऱ्याचे दोन फोटो शोधले. पहिल्या फोटोत वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर बरोबर माझ्या बाजूला, टेबलाच्या कडेशी होतं. दुसऱ्यात ते किंचित उजवीकडे सरकलं होतं. ओवाळून ठेवताना ताट हातात फिरलं होतं. किती फिरलं? मी स्वयंपाकघरातून तेच ताट आणलं, मधे पणती ठेवली आणि भोवती आठ सुपाऱ्या मांडल्या, चार पांढऱ्या आणि चार हळद लावलेल्या. ताट दुसऱ्या फोटोतल्याइतकं फिरवलं. फार नाही, एका सुपारीच्या जागेइतकं. आता डावीकडच्या चार मोजल्या. तीन पांढऱ्या, एक पिवळी.

मी उभीच राहिले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली आहे हेही त्याच क्षणी कळलं, आणि मी डब्यातला एक लाडू उभ्यानेच खाल्ला. म्हणजे इंजिनात एक बुश खराब मालातला होता. आणि नव्या पाकिटात, जे अजून शेडच्या कपाटात होतं, त्यात एक चांगला असणार होता. माझं म्हणणं खरं असेल तर ते मोजून कळणार होतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी खाली बसले. वहीत सही यांची होती. मी तोंड उघडलं तर पस्तीस वर्षं एकही खोट न निघालेल्या माणसाच्या शेवटच्या मोठ्या कामाखाली लिहिलं जाणार की भाग दुसराच होता. ते सांगायला स्वतः नव्हते. मी गप्प बसले तर कागद साफ होता, जोडीदार म्हणाला तसा. पण रविवारी क्लबची कॅप्टन त्या विमानातून तिच्या वडिलांना पहिल्यांदा वर नेणार होती. ती तिथे विमान शिकवते, तिशीतली आहे, रसायनीची. वडील तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेत. मला भेटायला आली तेव्हा तिनेच सांगितलं होतं, “काकू, काकांनी बांधलेलं इंजिन आहे म्हणून बाबा तयार झाले. नाहीतर ते शिडीवरसुद्धा चढत नाहीत.”

पंधरा मिनिटांत मी रिक्षात होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला एवढ्यात घराबाहेर पडताना पाहिलं आणि रिक्षा वळेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

धावपट्टीच्या फाटकाशी आदिवासी वाडीतली एक बाई असते. गुरं आणि शेळ्या पट्टीवरून हाकलणं हे तिचं काम, गळ्यात शिट्टी. ती मला पाहून उठली. “बाय, तुमी? आज दसरा नाय.”

“माहीत आहे. जोडीदार कुठे आहेत?”

“शेडीत. कॅप्टनबाई पण हाय. काय झालं, येवढ्या धापा टाकता?”

शेडमध्ये दोघं विमानापाशीच होते. मी ताट पिशवीतून काढलं, टेबलावर ठेवलं, सुपाऱ्या मांडल्या आणि सांगायला लागले. इतकं सलग मी शाळेतसुद्धा कधी बोलले नव्हते. वाडीतली बाई मागोमाग येऊन दारात टेकली होती. माझं बोलणं संपल्यावर पहिला आवाज तिचा आला. “आरं देवा. बारा वर्षात बायचे धा शबुद ऐकले नव्हते. आज पोतंच वतलं.”

कॅप्टन हसली नाही. जोडीदार सुपाऱ्यांकडे पाहत होता.

“भाभी, वहीत नंबर हाय. खाली उस्तादची सही हाय. त्यावर मी शंका घेऊ?”

“त्यांच्या सहीवर शंका नाही. माझ्या ताटावर आहे.”

“पण नाव त्यांचं खराब होईल. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

त्याने सुपाऱ्या बाजूला सारल्या. मग कपाटाकडे गेला, नवं पाकीट आणलं, हात पुसले, मायक्रोमीटर काढलं. म्हणाला, “तुमचं खरं असेल तर यात तीन बारीक आणि एक जाडा. वाचा, भाभी. माप घ्यायची पद्धत पहिल्यांदा वाचा.”

मी वाचलं. तो म्हणाला, “झालं.” हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला कागदावरची ओळ दिसेनाशी झाली, पण मी ती बोटाने धरून ठेवली.

पहिला बुश. त्याने माप वाचलं. शेवटचे आकडे बारा. खालच्या काठाला. दुसराही बारा. तिसरा तेरा. चौथा त्याने जबड्यात धरला, स्क्रू फिरवला, आणि मायक्रोमीटर कॅप्टनच्या हातात दिलं.

“एकोणीस,” ती म्हणाली.

“एकोणीस!” मी ओरडले. खरंच ओरडले. शिट्टीवाली बाई दचकून उठली. मला त्या क्षणी आनंद झाला होता, तो लपवत नाही. माझा अंदाज एका सुपारीने सुद्धा चुकला नव्हता. मग तिघांचे चेहरे दिसले आणि या आनंदाचा अर्थ कळला. एकोणीस पाकिटात आहे, म्हणजे बारा इंजिनात आहे.

कॅप्टनने हळूच विमानाच्या पुढच्या झाकणावर तळहात टेकला. “परवा मी यातून विद्यार्थ्याला तीनदा वर नेलं,” ती म्हणाली. मग बाहेर जाऊन तिने वडिलांना फोन केला. आम्हाला तिचं बोलणं ऐकू येत होतं. “बाबा, रविवारचं रद्द. ... नाही, हवा चांगली आहे. ... नवी टोपी घेतलीत? कुणी सांगितलं होतं टोपी घ्यायला? ... बरं, राहू दे, जपून ठेवा.”

हुकमात एक अवजार होतं. रॉडच्या डोळ्यावर बसवून त्याचा बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा. बुश घट्ट असेल तर हलत नाही, सैल असेल तर सरकतो. अवजाराचा नकाशा दिलेला होता, ते करून घ्यायची मुभा होती. त्या दुपारी आम्ही साजगावला एका लेथवाल्याकडे गेलो. कारखान्यांच्या मधल्या गल्लीत त्याचं दुकान आहे. मी मापं वाचत होते, तो खडूने लोखंडावर लिहीत होता आणि मधूनच जोडीदाराला विचारत होता, “या बाई कंपनीकडनं आल्यात का?”

“त्यापेक्षा वरून,” जोडीदार म्हणाला.

शनिवारी सकाळी आठ वाजता इंजिन उघडायला घेतलं. मी स्टुलावर बसले. ज्या स्टुलावर ते बसले होते त्याच. दुसरं नव्हतं, आणि जोडीदाराने ते पुसून माझ्यापुढे ठेवलं.

मला वाटलं होतं इंजिन म्हणजे काळं, तेलकट काहीतरी असेल. सिलिंडर निघाला आणि आत सगळं लखलखत होतं. ज्या गोष्टी मी वर्षानुवर्षं शब्दांत ओळखत होते त्या एकेक समोर येत गेल्या, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, हा तू, आणि हा तू. पिस्टनवरची कडी, पिन, रॉडचा डोळा आणि त्यात बसलेला काशाचा बुश. यांच्या हाताने बसवलेला. बोटांना चाळा लागला होता, पण वाचणाऱ्याने हात लावायचा नाही.

जोडीदाराने मार्करने रॉडवरून बुशावर एक बारीक रेघ ओढली. बुश हलला तर रेघ तुटलेली दिसेल. अवजार बसवलं. मी जोराचा आकडा वाचला. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला पोचताच टक् करून वाजला.

“झालं. बघा, भाभी. माझा चष्मा जवळच्याला दगा देतो.”

बघायला हरकत नव्हती. पर्समधून माझं भिंग काढलं, ज्याने मी ग्रंथालयात झिजलेले शिक्के वाचायची. रेघ सरळ होती.

“अखंड,” मी म्हटलं.

दुसरा सिलिंडर निघाला. रेघ, अवजार, आकडा. पाना आवळत असतानाच जोडीदाराचे हात थांबले. पाना वाजला नव्हता.

“काय झालं?” कॅप्टनने विचारलं.

“हातात काहीतरी नरम लागलं.” त्याने आकड्यापर्यंत आवळलं. टक्. मी भिंग लावलं. रॉडवरची रेघ एका जागी संपत होती आणि बुशावरची तिच्या शेजारी सुरू होत होती. मधे नखाच्या कडेइतकी पायरी.

“तुटली,” मी म्हटलं.

तिघांनी आळीपाळीने पाहिलं. शिट्टीवालीनेही पाहिलं, तिला भिंग उलटं धरलं तरी दिसलं. “येवढ्यासाठी इमान पडतं?” ती म्हणाली.

“एवढ्यासाठीच,” जोडीदार म्हणाला. आणि मग तो शेडच्या दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला, खांदे हलत होते. परत आला तेव्हा डोळे लाल होते पण तो हसतही होता. “उस्तादचे तीन पक्के बसलेत म्हणा. चोर सापडला. आता हे बंद करू, बुशसकट नवा रॉड मागवू.”

“अजून दोन राहिलेत.”

“भाभी, तुमचाच हिशोब, एकच खराब. माझ्या हिशोबाने पण एकच.”

“‘प्रत्येक’ लिहिलंय.” मी ओळीवर बोट ठेवलं. “आठवणीवर करायचं नाही.”

त्याने कॅप्टनकडे पाहिलं. “उस्ताद गेले, पण मास्तरीण ठेवून गेले.” आणि तो तिसऱ्या सिलिंडरच्या नटांना लागला. तिसरी रेघ अखंड. चौथी अखंड. दुपारी दीड वाजता आम्ही चौघांनी शेडच्या सावलीत बसून भाकरी आणि सुकट खाल्ली. मी घरून फक्त लाडू आणले होते. सुतकातल्या बाईने सुकट खावी की नाही यावर शिट्टीवालीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “तेरावा झाला ना? मग खा गं.”

वहीचं काम त्या दिवशी संध्याकाळी झालं. जोडीदार लिहिणार होता, वाक्यं मी सांगणार होते. तो म्हणाला, “‘साठवताना अदलाबदल झाली’ असं टाकू. कुणाचं नाव नको, पूजा नको. बाहेरचा माणूस वाचेल तर हसेल.”

“इतर शेडमध्ये पण दसरा असतो,” मी म्हटलं. “त्यांना कळायला हवं.”

म्हणून जे झालं ते लिहिलं: भाग पूजेसाठी पाकिटाबाहेर काढले गेले, ताट फिरलं, परत भरताना चुकीची माहिती दिली गेली. माहिती देणारी मी. माझं पत्र सोबत जोडलं. वहीत खोडायचं ते एकाच रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे असं. यांनी लिहिलेल्या मालाच्या नंबरावर जोडीदाराने पट्टी ठेवून रेघ ओढली. सही रेघेच्या खाली होती. तिला धक्का लागला नाही.

नवा रॉड यायला तीन आठवडे गेले. त्या दिवसांत तपासणीला एक अधिकारी आले. ती नोंद त्यांनी दोनदा वाचली आणि चष्म्यावरून विचारलं, “पूजा?”

“दसऱ्याची,” जोडीदार म्हणाला.

“ताट कोणी फिरवलं?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ यांच्या जुन्या नोंदी चाळल्या, पानामागून पान. शेवटी वही मिटून म्हणाले, “काम फार स्वच्छ आहे या माणसाचं. पुढच्या दसऱ्याला पाकिटासकट ठेवा.” एवढंच. ते जाईपर्यंत मी कशीबशी बसून राहिले. मग शेडच्या मागे जाऊन भिंतीला धरून उभी राहिले, आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडले.

इंजिन पुन्हा बांधून झालं त्या सकाळी मी साडेसहालाच पोचले होते. कॅप्टन आत बसली. जोडीदाराने हाक दिली, शिट्टीवालीने शिट्टी फुंकून दोन शेळ्या आणि एक कुत्रा पिटाळला. पंखा एकदा फिरून थांबला. परत फिरला, थांबला. तिसऱ्या वेळी तो फिरला तो दिसेनासाच झाला, आणि धावपट्टीकाठचं वाळलं गवत सगळं एका बाजूला आडवं झालं. पायाखालची जमीन थरथरत होती. जोडीदार मला काहीतरी ओरडून सांगत होता. ते ‘झालं’ असावं, पण मला फक्त त्याचे ओठ दिसले.

पहिली काही उड्डाणं कॅप्टनने एकटीने केली. दर थोड्या तासांनी तेलाचं फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरत आणि काशाचा कण चमकतो का ते उन्हात बघत. मी भिंग घेऊन बघत होते. काही चमकलं नाही.

मग एका रविवारी तिचे वडील आले, नवी टोपी घालून, हातात पिंपळपानाएवढा प्रसादाचा पुडा. त्यांनी मला लांबूनच नमस्कार केला. विमान रसायनीकडे गेलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. पाऊण तासाने उतरलं. ते विमानातून घाईने उतरले आणि कुणी विचारायच्या आत सांगू लागले, “पाताळगंगा दोरीएवढी! आणि आमच्या साहेबांची केबिन, जिच्यासमोर मी तीस वर्षं घाबरत उभा राहिलो, ती माहितीये केवढी दिसते? काडेपेटी! काडेपेटी हो! पोरी, परत कधी नेतेस?”

“टोपी कुठे गेली, बाबा?”

त्यांनी डोक्याला हात लावला. टोपी आतच राहिली होती.

खराब भाग फेकून द्यायच्या आधी कापायचा असतो, म्हणजे कुणी चुकून तो परत वापरत नाही. तो बुश जोडीदाराने करवतीने मधोमध कापला. एक अर्धा नोंदीसोबत पाकिटात गेला. दुसरा त्याने कागदात गुंडाळून मला दिला.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी शेडवर जाते आणि वाचते. अर्धा बुश घरी टेबलावर आहे.